मरण लांबवणारं जनुक
पेशीने कधी मरायचं, हे जनुकं ठरवतात! त्यातलं मला सर्वांत थक्क करणारं जनुक म्हणजे बीसीएल-२. त्याचं प्रथिन मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी नावाचा रेणू बाहेर पडू देत नाही. तो सुटला की कॅस्पेस नावाची एन्झाइम्स पेशीला आतून मोडून काढतात.

फॉलिक्युलर लिम्फोमा या बी-पेशींच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत हे जनुक १८व्या गुणसूत्रावरून सुटून १४व्यावर, अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या या बी-पेशींत तिथे काम सतत जोरात चालू. मग बीसीएल-२चं प्रथिनही धो धो बनतं. पेशी मरत नाहीत, साठत जातात.

१९८८ साली मेलबर्नमधले संशोधक डेव्हिड व्हॉ, सुझॅन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी दाखवलं, की हे जनुक पेशींची संख्या भराभर वाढवत नाही, त्यांना जगवून ठेवतं. केवढा मोठा शोध! या प्रथिनाला अडवणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स औषधाला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली.