सर, उत्तर किती यायला पाहिजे?

दरवर्षी प्रात्यक्षिकांचे वर्ग सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न कानावर येतो. लंबकाचा प्रयोग असतो. दोरा टांगलेला असतो, गोळा अजून हललेलाही नसतो, तोच कोणीतरी हळूच विचारतो, "सर, उत्तर किती यायला पाहिजे?" गुरुत्वत्वरणाचे मूल्य सेकंदाच्या वर्गाला सुमारे ९८० सेंटिमीटर, हे पुस्तकात छापलेलेच असते. मग जर्नले तपासायला येतात तेव्हा कुणाचे उत्तर ९७९, तर कुणाचे ९८१! प्रयोगशाळेतले घड्याळ किती मागेपुढे चालते हे मला ठाऊक असल्यामुळे या अचूकपणाचे कौतुक करावे की काळजी, असा प्रश्न पडतो.

विद्यार्थ्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ही सवय महाविद्यालयात लागत नाही. ती लागते पाचवी-सहावी-सातवीच्या वर्गात. आणि कशी लागते ते मी स्वानुभवाने सांगू शकतो.

आम्हाला सातवीत बीज रुजण्याचा प्रयोग होता. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो केला असेल, निदान त्याची आकृती तरी काढली असेल. एका पट्टीला वर, मध्ये आणि खाली असे घेवड्याचे तीन दाणे दोऱ्याने बांधायचे. पट्टी पेल्यात उभी ठेवून मधला दाणा अर्धा बुडेल इतके पाणी घालायचे. वरच्या दाण्याला हवा मिळते, पाणी नाही. खालच्याला पाणी मिळते, हवा नाही. मधल्याला दोन्ही मिळतात, म्हणून तोच रुजतो. अनुमान : बीज रुजण्यास हवा व पाणी दोहोंची गरज असते.

आमच्या पेल्यात मात्र चौथ्या दिवशी खालच्या दाण्यालाही बारीकसा मोड दिसला. मी मोठ्या उत्साहाने गुरुजींना दाखवला. त्यांनी पाहिला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पुस्तकात आहे तसे लिही." मी तसे लिहिले. वहीवर 'छान' असा शेरा मिळाला. शेजारच्या कन्नड शाळेतल्या माझ्या मित्राच्या वहीतही तेच अनुमान होते. या बाबतीत दोन्ही माध्यमांत काही भेद नव्हता.

त्या दाण्याने मला काय सांगितले होते, हे समजायला बरीच वर्षे लागली. त्यासाठी प्रयोगाची मांडणी म्हणजे काय, हे आधी पाहू.

प्रयोगात ज्या गोष्टी कमीजास्त होऊ शकतात त्यांना 'चल' म्हणतात. आपण मुद्दाम बदलतो तो स्वाश्रयी चल. त्यामुळे जे बदलते आणि जे आपण मोजतो तो आश्रयी चल. आणि बाकीचे जे सर्व तसेच्या तसे राखायचे, ते नियंत्रित चल. शब्द जड आहेत, पण अर्थ साधा आहे : एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर परिणाम कशाचा ते कळणार नाही. एका कुंडीला खत घातले, ती उन्हात ठेवली आणि पाणीही जास्त दिले, तर रोप वाढले ते कशामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता तीन दाण्यांकडे वळू. खालच्या दाण्याला 'हवा नाही' असे आपण गृहीत धरले होते. पण साध्या पाण्यात थोडा प्राणवायू विरघळलेला असतो. मासे त्यावरच जगतात. म्हणजे जो चल काढून घेतला असे आम्ही समजत होतो, तो पुरता काढलेलाच नव्हता. पाणी उकळून ही हवा घालवता येते आणि वर तेलाचा थर दिला की नवी हवा सहज आत शिरत नाही. मात्र ते पाणी पूर्ण गार करून घ्यायला हवे, नाहीतर उष्णता हा आणखी एक चल पाठीमागच्या दाराने आत येतो. घरोघरी मटकी रात्रभर भिजवून, निथळून, फडक्यात बांधून ठेवतात, पाण्यात बुडवून ठेवत नाहीत. हवेची गरज स्वयंपाकघराला आधीच ठाऊक आहे.

दुसरा दोष त्याहून साधा होता. प्रत्येक जागी दाणा एकच! तो किडका निघाला तर? दहा-दहा दाणे घेतले आणि त्यांतले किती रुजले ते मोजले, तर एखाद्या दाण्याच्या लहरीवर अनुमान अवलंबून राहत नाही.

चल नजरेतून सुटणे हा केवळ शाळकरी दोष नव्हे. फ्लेमिश शास्त्रज्ञ व्हॅन हेल्मॉन्ट याने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत भरून तीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी दिले. कुंडीत धूळ पडू नये म्हणून भोके पाडलेले झाकणही घातले. अखेर झाड सुमारे १६९ पौंड भरले आणि माती फक्त दोनएक औंस कमी झाली. त्याने अनुमान काढले, की झाड केवळ पाण्यातून झाले. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. त्याचे वजनमाप चोख होते. पण पाच वर्षे झाडाभोवती खेळणारी हवा त्याने हिशेबात धरलीच नव्हती. तरीही त्याने आकडे प्रामाणिकपणे नोंदवले, म्हणूनच त्याची चूक पुढच्यांना शोधता आली. आकडे 'जुळवले' असते तर ती चूकही कुणाच्या उपयोगी पडली नसती.

शाळेत हे शिकवता येत नाही असे कुणी म्हणेल, तर त्याने मध्य प्रदेशाकडे पाहावे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगांतून विज्ञान शिकवण्यास आरंभ केला. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. प्रश्न होते, कृती होत्या आणि मुलांनी आपली निरीक्षणे लिहायची होती. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. २००२ साली शासनाने हा कार्यक्रम बंद केला. पण साध्या खेड्यातल्या शाळेतही हे होऊ शकते, हे तीस वर्षांत दिसून आले.

आता आपल्या लंबकाविषयी. दोऱ्याची लांबी एक मीटर असेल तर एका पूर्ण आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. पाव मीटर केली तर सुमारे एक. लहान झोक्यात गोळ्याच्या वजनाने फरक पडत नाही. पण हे पडताळताना एखादा जड गोळा म्हणून मोठा गोळा बांधतो आणि काळ थोडा वाढलेला आढळतो. दोरा तेवढाच असला तरी गोळ्याचा मध्य खाली सरकलेला असतो. वजन बदलताना लांबीही नकळत बदलली! हा विद्यार्थी खरा आकडा लिहील तर त्याला ही गंमत कळेल. पुस्तकातला लिहील तर कधीच कळणार नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांना विनंती, की उत्तर ९४० आले तर ९४०च लिहा आणि खाली, ते तसे का आले असावे, याच्या दोन ओळी लिहा. आणि आम्हा अध्यापकांनी त्या दोन ओळींना गुण द्यावेत. "किती आले?" याआधी आम्ही विचारावे, "काय बदललेस? काय तसेच ठेवलेस?"

त्या दिवशी गुरुजींनी एवढे विचारले असते, तर मीही पेल्यातल्या पाण्याकडे पुन्हा एकदा पाहिले असते. खालच्या दाण्याने मोड काढून आपले म्हणणे मांडले होते. ते वहीत आले नाही, एवढेच.