चौपाटीला हवी कायद्याची चौकट

मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७९ सालचे. सिंहगड रस्त्यालगतची चौपाटी मात्र कोणी आखून वसवलेली नाही. पाणी पाहायला पुणेकर आले आणि त्यांच्यामागोमाग भाजलेली कणसे, कांदाभजी आली. पावसाळ्यातील रविवारी वाहतूक खोळंबली की ठपका हातगाड्यांवर येतो. रस्त्यातच उभ्या केलेल्या आपल्या मोटारी कोणाला दिसत नाहीत.

३० जून २०२१ रोजी खडकवासला गाव पुणे महापालिकेत समाविष्ट झाले आणि या विक्रेत्यांचा प्रश्न शहराचा झाला. पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४च्या केंद्रीय कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. ग्राहक आणि विक्रेते पूर्वापार एकत्र येतात, त्या जागेला हा कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो. चौपाटीला याहून नेमके नाव शोधूनही सापडणार नाही!

गाड्या उचलून नेल्याने काही साधत नाही. गिऱ्हाईक तेथेच असल्याने त्या परततात. त्यापेक्षा जागा आखून क्रमांक द्यावेत, वाहनतळ रस्त्यापासून दूर न्यावा. आक्षेपांपैकी खरा गंभीर आक्षेप कचऱ्याचा, कारण हेच पाणी पुणेकर पितात. पण विक्रीच्या जागी स्वच्छता राखणे हे विक्रेत्याचे कर्तव्य याच कायद्याने ठरवले आहे, आणि ते बजावून घेण्यासाठी आधी त्याच्या हाती प्रमाणपत्र असावे लागते.