'एक्त्रोमा' : न जगणारा गर्भ

करिंथकरांस पहिल्या पत्रात (15:8) पौल स्वतःस 'एक्त्रोमा' म्हणवितो. हा हेल्लेणी शब्द 'जखम करणे' ह्या अर्थाच्या क्रियापदापासून झाला आहे. अर्थ, पडलेला, न जगणारा गर्भ. मराठी शास्त्रातील 'अकाली जन्मलेला' हे भाषांतर आम्हांस सौम्य वाटते. सातव्या महिन्याचे मूल पुष्कळदा जगते, एक्त्रोमा जगत नाही. जुन्या कराराच्या हेल्लेणी भाषांतरात ईयोब 3:16 मध्ये हाच शब्द येतो. (तेथील मूळ इब्री शब्द 'नेफेल' हा 'पडणे' ह्यावरून आला, आपला 'गर्भपात' तसाच.) ईयोबाने वर्णिलेला तो गर्भ प्रकाश पाहत नाही. पौल मात्र स्वतःस त्याच नावाने ओळखून प्रभू आपणासही दिसला असे सांगतो. गर्भ गमावलेल्या मातेपुढे हे वचन वाचणे आम्ही टाळीत आलो होतो. आता टाळीत नाही.