आपेन्झेलच्या चौकातला दोर

आपेन्झेल (स्वित्झर्लंड), एप्रिल

महिन्याचा शेवटचा रविवार. चर्चमधली प्रार्थना आटोपली, दुपारी मिरवणूक चौकात आली आणि दोराने आखलेल्या रिंगणात माणसं दाटीवाटीने उभी राहिली. ही इथली ‘लान्ड्सगेमाइन्ड’, म्हणजे अख्ख्या कॅन्टनची (स्विस राज्याची) ग्रामसभाच म्हणा ना! कायदे, खर्च, कारभारी, सगळं उघड्यावर हात वर करून ठरतं. पुरुषांकडे तलवार असते. घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही तलवार हाच त्यांचा मतदानाचा परवाना. बायकांकडे असतं छापील कार्ड. ते घेऊन त्या या रिंगणात पहिल्यांदा आल्या १९९१ साली.

देशाच्या निवडणुकीतलं मतसुद्धा स्विस बायकांना मिळालं ते फेब्रुवारी १९७१ मध्ये. आपल्याकडे १९५१-५२ला मत टाकून आलेल्या कितीतरी जणींना तोवर नातवंडं झाली होती. एवढा उशीर का? इथली लोकशाही कच्ची होती म्हणून नव्हे. घटनेतला प्रत्येक बदल सार्वमताने करायचा हा इथला दंडक, आणि मतदार सगळे पुरुष. १९५९ साली मत टाकणाऱ्यांतल्या सुमारे ६७ टक्क्यांनी नकार दिला. जो आधीच पंगतीला बसलाय त्यालाच विचारायचं, हिला पान मांडू का? हा अन्याय मला आजही सलतो.

आपेन्झेल इनररोडेन हा इथला कॅन्टन तर १९७१ नंतरही अडून बसला. बर्नमधल्या देशाच्या संसदेसाठी बाईचं मत चाले, घरच्या कारभारात नाही. एप्रिल १९९०मध्ये याच चौकात पुरुषांनी पुन्हा ‘नाही’ म्हटलं. मग इथलेच काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ नोव्हेंबरला निकाल लागला. न्यायाधीशांनी कॅन्टनच्या घटनेत एक अक्षरही घातलं नाही. ‘इथले रहिवासी आणि इतर स्विस’ यांना मत, असं तीत होतंच. त्यात बायकाही आल्या, एवढंच त्यांनी सांगितलं.

२०१०मध्ये देशाच्या सात जणांच्या मंत्रिमंडळात चार बायका बसल्या. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मात्र २०१९चे ४२ टक्के २०२३मध्ये ३८.५वर आले. मिळालेलं राखायलाही झटावंच लागतं.

इकडे चौकात ठराव मांडला गेला. रिंगणात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. एका हातात कार्ड घट्ट धरलेलं, दुसरा हात ताठ वर. १९९०मध्ये त्या चाळिशीच्या आतबाहेर असतील, आणि हात वर होत असताना दोराच्या बाहेर उभ्या असतील, आज पाहुणा म्हणून मी उभा आहे तिथे.