कुशीवर वळताच घर का फिरते?

पहाटे कुशीवर वळावे आणि घराचे आढे गरगर फिरू लागावे; निपचित पडून राहिले की मिनिटभरात सारे थांबावे, असा अनुभव तुमच्या घरातही कुणाला आला असेल. कोणी म्हणतो पित्त खवळले, कोणी म्हणतो रक्तदाब वाढला. बहुधा कारण असते कानात.

आतल्या कानात तोल सांभाळणारी एक लहानशी पिशवी असते. तिच्यातील मऊ थरावर चुनखडीचे अतिसूक्ष्म खडे रुतलेले असतात. शेजारीच पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या आहेत. खडे सुटून एखाद्या नळीत शिरले, की डोके वळताच ते घरंगळतात, द्रव ढवळतो, आणि मेंदूला वाटते आपण फिरतोच आहोत!

आता धमन्यांचा संबंध पाहा. शेताला दोन पाट असले तर एक बुजला तरी पीक तगते. आतल्या कानाच्या वावराला मात्र पाट जवळजवळ एकच, तोही फार बारीक. रक्तदाब वा मधुमेहाने धमन्या कडक झाल्या, तर पोषण तुटून खडे सुटत असावेत, असा तर्क आहे. लिंडसे व हेमेनवे या डॉक्टरांनी १९५६ साली असे रुग्ण वर्णिले, की ज्यांना आधी एका कानाच्या तोलशक्तीला एकाएकी धक्का बसला व मागाहून ही भोवळ लागली. वाढलेला रक्तदाब आणि ही भोवळ एकत्र असल्याचे काही पाहण्यांतही दिसले. परंतु दोन्ही वयाबरोबर वाढतात. सोबत असणे म्हणजे कारण असणे नव्हे, हे शिक्षकबंधुभगिनींनी मुलांनाही सांगावे.

मग करावे काय? डॉक्टर डोके ठराविक क्रमाने वळवून खडे नळीबाहेर काढतात. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी ही रीत १९९२ साली प्रसिद्ध केली. पुष्कळांना एकदोन वेळांतच गुण येतो. रक्तदाबाची गोळी हा या भोवळीवरचा उपाय नव्हे. पण ती चालू असेल तर मनाने सोडूही नका.

मात्र भोवळीबरोबर जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळा पडला किंवा उभेच राहवेना, तर मेंदूच्या धमनीत अडथळा असू शकतो. अशा वेळी कांदा हुंगवीत बसू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा आणि रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या.