उतरत्या माळेचा जमाना

1920 ते 1950 च्या दरम्यानची कल्चर मोत्यांची जपानी माळ हाती आली, तर आधी तिचा उतार बघावा. मधोमध सात-आठ मिलिमीटरचा टपोरा मोती, मग दोन्ही बाजूंनी दाणे बारीक होत जातात ते थेट हुकापर्यंत, तिथे जेमतेम तीन मिलिमीटर. मोठा मोती महाग, म्हणून तो गळ्याच्या समोर. मानेमागे केसांखाली कोण बघायला जातंय? सौंदर्यदृष्टी म्हणून मिरवलेली ही काटकसर मला फार आवडते.

मोत्याच्या सराची खरी किंमत जुळणीत असते. इराणच्या आखातातून निघालेल्या नैसर्गिक मोत्यांचा मोठा हिस्सा एकेकाळी मुंबईच्या मोती बाजारात यायचा. तिथे तो चाळण्यांतून चाळायचा, रंग आणि पाणी बघून वेगळा करायचा, रेशमी दोऱ्यात ओवून त्याच्या लडी बांधायच्या आणि मग पॅरिस-लंडनला धाडायच्या. एकसारखे मोती मिळवून एक सर पुरा करायला वर्षं जात. म्हणूनच 1917 मध्ये कार्तिए या जवाहिऱ्याला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची हवेली एका दुपदरी माळेच्या आणि वर 100 डॉलरच्या बदल्यात मिळाली. माळेची किंमत धरली होती दहा लाख डॉलर.

इकडे जपानातल्या तोबा गावी, नूडल विकणाऱ्याच्या घरी जन्मलेल्या कोकिची मिकिमोतो यांनी 1893 मध्येच शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवला होता. पूर्ण गोल मोत्याच्या युक्तीवर निशिकावा आणि मिसे या दोघांनीही काम केलं. बाजार मात्र मिकिमोतोंनी उभा केला. युक्ती अशी: शिंपल्याच्या कवचाचा घोटून गोल केलेला मणी आणि दुसऱ्या कालवाच्या मांसल पडद्याचा बारीक तुकडा, दोन्ही जिवंत अकोया कालवाच्या पोटात बसवायचे. कालव त्या मण्यावर चमकदार थर चढवत राहतं. मणी केवढा घालायचा हे माणसाच्या हातात, त्यामुळे मोत्याचा आकारही बराचसा आधीच ठरतो. जुळणीचं निम्मं काम असं बाजारातून शेतावर गेलं.

1921 मध्ये हा माल लंडनला पोचला तेव्हा जवाहिऱ्यांनी फसवणुकीची ओरड केली. वरून बघून फरक कळेना, ही त्यांची खरी अडचण होती. मग 1929 ची मंदी आली आणि नैसर्गिक मोत्याचा भाव कोसळला. हवेलीच्या मोबदल्यातली ती माळ 1957 च्या लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात तळ ठोकून असलेल्या अमेरिकन सैनिकांनी घरी नेण्यासाठी या माळा घेतल्या आणि पन्नाशीच्या दशकात स्वेटरवर एकपदरी मोती हा तिकडच्या मध्यमवर्गीय बायकांचा जवळजवळ गणवेश झाला. 1954 मध्ये मधुचंद्रासाठी जपानला गेलेल्या मॅरिलिन मन्रोला तिच्या नवऱ्याने, जो डिमॅजिओने, मिकिमोतोचीच माळ घेऊन दिली. गंमत अशी, की फॅशनला खऱ्या-खोट्याची फारशी फिकीर नव्हतीच. कोको शनेल विशीच्या दशकापासून खोटे मोती बेधडक घालत होती आणि जॅकलीन केनेडींची गाजलेली तीनपदरी माळ चक्क काचेची होती. तरी 1996 मध्ये तिला दोन लाख डॉलरच्या वर बोली लागली.

साठीच्या दशकात मोती उदंड पिकले, त्याच सुमारास मिनीस्कर्ट आला आणि 1967 च्या आगेमागे जपानी धंदा आपटला. पुढे घाईने काढलेल्या मालात थर इतका पातळ असे, की आतला मणी डोकावायचा. जुनी माळ घेताना म्हणूनच भोकाच्या कडेला भिंग लावावं: मणी आणि थर यांमधली रेघ दिसते, थराची जाडीही कळते. तिथे पापुद्रे सुटत असतील तर माळ परत ठेवावी. थर जाड असेल आणि दोन-दोन मोत्यांमधली रेशमाची गाठ सैल पडली असेल, तर बिनदिक्कत घ्यावी. ती माळ नव्याने गाठवून मिळते. उतरत्या माळेला आज फारशी मागणी नाही, त्यामुळे चांगला मालही बऱ्यापैकी स्वस्तात पडतो.