मांजरासारखा चमकणारा डोळा

रात्री दिवे गेलेले असतात. मोबाइलच्या उजेडात दीड वर्षाचे मूल आईकडे वळून पाहते आणि त्याच्या एका बाहुलीत काहीतरी पांढरट-पिवळसर चमकते. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डोळा अगदी नीट दिसतो. सासू म्हणते, तुला भास झाला. नवरा म्हणतो, उजेडाने होत असेल. माण-खटावकडची वस्ती असो की सांगलीतला फ्लॅट, आई डॉक्टरांपुढे जवळजवळ त्याच शब्दांत बोलते, "याचा डोळा मांजरासारखा चमकतो."

नेत्रतज्ज्ञांच्या शिक्षणात हे वाक्य फार लवकर शिकवले जाते आणि ते कधीही थट्टेवारी न्यायचे नसते. बाहुलीत दिसणारी ती पांढरी चमक म्हणजे रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगाची, सर्वांत नेहमीची पहिली खूण. बाळाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या अपरिपक्व पेशींपासून ही गाठ तयार होते. बहुतेक सगळी मुले पाच वर्षांच्या आतली असतात. दोन्ही डोळ्यांत आजार असेल तर तो साधारण वर्षाच्या आसपास लक्षात येतो, एकाच डोळ्यात असेल तर दोनच्या सुमारास.

साधारण सोळा ते अठरा हजार जन्मांमागे एक, इतका हा आजार दुर्मीळ. आता जरा हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाख आणि सांगलीची अठ्ठावीस लाखांच्या वर होती. हजारी पंधराच्या आसपास जन्म धरले, तर या दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला चार-पाच मुलांना हा आजार होणार. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांपुढे असे मूल दोन-तीनदाच येईल, कदाचित एकदाही नाही. दुर्मीळ आजाराची खरी अडचण इथे आहे. रोज दिसणारा आजार हाताला ओळखीचा होतो; दहा वर्षांतून एकदा येणारा मात्र पुस्तकातच राहतो आणि समोर आला की परक्यासारखा वाटतो. संपूर्ण भारताचा विचार केला तर वर्षाला सुमारे दीड हजार नवी मुले, म्हणजे जगातल्या अशा मुलांचा मोठा हिस्सा आपल्याकडेच.

श्रीमंत देशांत या आजाराची शंभरपैकी पंच्याण्णवहून अधिक मुले वाचतात. आपल्याकडेही वेळेत आलेले मूल वाचते. प्रश्न त्या वेळेचाच. चमक दिसल्यापासून मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत काही घरांत महिने जातात. कोणी ग्रहणात आईने काही चिरले म्हणून तिला बोल लावतो, कोणी डोळ्यात मध घालायला सांगतो. डोळा थोडा तिरळा झाला, तर किंचित चकणे मूल नशीबवान असते असे मानणारी घरे आजही आहेत. आणि तिरळेपणा ही या आजाराची दुसऱ्या क्रमांकाची खूण आहे. तोवर गाठ डोळ्याच्या गोलातून मागच्या नसेत शिरते. ती नस सरळ मेंदूकडे जाते.

पांढरी चमक म्हणजे प्रत्येक वेळी कर्करोगच, असे मात्र नाही. जन्मजात मोतीबिंदू, दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांचा कोट्स नावाचा विकार, कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अळी मातीतून मुलाच्या पोटात आणि तिथून डोळ्यात गेल्याने होणारी सूज, यांतही बाहुली पांढरी दिसते. फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोत मूल कडेला पाहत असेल तर निरोगी डोळाही कधी कधी पांढरा चमकतो. त्यामुळे एका फोटोवरून घाबरून जाऊ नये, पण तो पुसूनही टाकू नये. डॉक्टरांना दाखवावा. काळोख्या खोलीत हातातल्या ऑप्थॅल्मोस्कोपने दोन्ही बाहुल्यांतून येणारा तांबूस प्रकाश पाहण्याची तपासणी दोन मिनिटांची आहे. लसीकरणाला बाळ येते तेव्हा ती सहज होऊ शकते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून मुले तपासतात. तिथेही आईला एवढे विचारायला काय हरकत आहे, की डोळा कधी चमकलेला पाहिला का?

शरीरातली दुसरी गाठ असली तर डॉक्टर बहुतेक वेळा आधी सुई घालून तुकडा काढतात आणि मग नाव देतात. इथे तसे चालत नाही. सुईच्या वाटेने कर्करोगाच्या पेशी डोळ्याबाहेर पडण्याचा धोका असतो. म्हणून बाळाला भूल देऊन बाहुली मोठी करायची, पडदा पाहायचा, सोनोग्राफीत गाठीतले चुन्याचे कण दिसतात का ते बघायचे आणि एमआरआय करून नस तपासायची. निदान होते ते या सगळ्यावरून. गाठ लहान असेल तर लेसर, गोठवण्याचा उपचार, केमोथेरपी यांनी डोळा वाचू शकतो. २००६ पासून न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन औषध सोडण्याची पद्धत रुळवली. त्याआधी जपानमध्ये या दिशेने काम झाले होते. आता भारतातल्या मोजक्या केंद्रांवर ती उपलब्ध आहे. पण गाठीने डोळा भरून गेला असेल आणि दृष्टी उरली नसेल, तर डोळा काढणे हाच जीव वाचवण्याचा खात्रीचा मार्ग असतो.

हे ऐकल्यावर बरीच कुटुंबे उठून निघून जातात. मुलगी असेल तर "हिचे लग्न कसे होणार" हा प्रश्न मूल दोन वर्षांचे असतानाच विचारला जातो. त्या आईबापांना दोष देणे सोपे आहे. बाहेरून धडधाकट दिसणारा डोळा काढायला होकार देणे किती अवघड असते, हे त्या खोलीत बसलेल्यांनाच कळते. अशा वेळी लांबलचक समजावण्यापेक्षा लहानपणी डोळा काढलेला, मापाने बनवलेला कृत्रिम डोळा बसवून कॉलेजात जाणारा एखादा तरुण समोर आणून बसवला, तर अधिक उपयोग होतो.

शस्त्रक्रियेनंतर डोळा फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो आणि इथून पुढचे काम लोकांच्या नजरेआड, पॅथॉलॉजी विभागात चालते. शल्यचिकित्सकाने डोळ्यामागची नस जितकी लांब घेता येईल तितकी घेतलेली असावी लागते. डोळा न कापता अख्खाच द्यायचा असतो. दिवस-दोन दिवस तो भरपूर फॉर्मेलिनमध्ये मुरतो. मग पॅथॉलॉजिस्ट डोळा उघडण्याआधी नसेचे कापलेले टोक वेगळे काढून घेतात. आधी डोळा उघडला तर गाठीचा भुगा नसेच्या टोकाला चिकटून फसवू शकतो, म्हणून हा क्रम. त्यानंतर बाहुली आणि नस दोन्ही एकाच कापात येतील असा छेद घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गडद निळ्या पेशींचे थवे दिसतात. मध्येच काही पेशी मोकळ्या जागेभोवती फेर धरून उभ्या राहिल्यासारख्या असतात. १८९१ मध्ये फ्लेक्सनर यांनी आणि १८९७ मध्ये विंटरस्टाइनर यांनी त्यांचे वर्णन केले, त्यांचीच नावे या फुलांसारख्या वर्तुळांना मिळाली.

त्या अहवालातल्या चार ओळींवर मुलाचे पुढचे वर्ष ठरते. नसेचे टोक स्वच्छ असेल आणि डोळ्याच्या रक्तवाहिन्यांच्या थरात गाठ खोल गेलेली नसेल, तर बहुधा पुढे फक्त तपासण्या. टोकात पेशी सापडल्या तर केमोथेरपी आणि रेडिएशन. अहवाल अर्धवट राहिला, तर एक तर मुलाला नको असलेले विषारी औषध मिळते किंवा हवे असलेले मिळत नाही. चांगल्या ऑपरेशनइतकीच चांगल्या पॅथॉलॉजिस्टची गरज असते, हे आपल्याकडे क्वचितच बोलले जाते.

कर्करोग म्हणजे काय, हे जगाला समजले त्यात या लहानशा गाठीचा वाटा मोठा आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन येथे अल्फ्रेड नुडसन यांनी अवघ्या ४८ मुलांच्या नोंदी मांडून बसल्या बसल्या गणित केले. सायकलला दोन ब्रेक असतात, तसे पेशीची वाढ रोखणारे जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते. काही बाळे एक ब्रेक तुटलेलाच घेऊन जन्मतात. डोळ्यातल्या एखाद्या पेशीत दुसरा तुटला की गाठ. अशा मुलांत ती लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत येते. ज्यांचे दोन्ही ब्रेक जन्मतः ठीक असतात, त्यांच्या एकाच पेशीत दोन्ही तुटायला वेळ लागतो, म्हणून त्यांचा आजार उशिरा आणि एकाच डोळ्यात. पुढे १९८६ मध्ये तेरा क्रमांकाच्या गुणसूत्रावरचे हे जनुक सापडले. कर्करोग रोखणारे हाती लागलेले ते पहिले जनुक.

दुर्मीळ गाठी लहान मुलांतच असतात असे नाही. पापणीवर रांजणवाडी आली की तळहातावर बोट चोळून शेक द्यायचा, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पण साठीच्या बाईंच्या वरच्या पापणीत न दुखणारी गाठ येते, ती कापून काढतात, सहा महिन्यांत त्याच जागी पुन्हा येते, तिथले पापणीचे केस गळतात, तेव्हा ती रांजणवाडी नव्हे. पापणीतल्या तेलकट ग्रंथींचा कर्करोग असाच वेषांतर करून येतो. युरोप-अमेरिकेत तो विरळा. तिथे पापणीच्या कर्करोगांत बहुतांश वाटा बेसल सेल कार्सिनोमाचा असतो. भारतात मात्र तेलग्रंथींचा कर्करोग पापणीच्या कर्करोगांत पुढच्या रांगेत आहे. परदेशी पुस्तक वाचून इथल्या पापण्या तपासल्या तर चूक होणारच. त्याच जागी परत आलेली गाठ टोपलीत टाकू नये, बाटलीत घालून पाठवावी. बाटलीबरोबरच्या चिठ्ठीवर "कर्करोगाची शंका" एवढे दोन शब्द असले, तर पॅथॉलॉजिस्ट तुकड्याचा थोडा भाग मेणात न घालता चरबी रंगवणाऱ्या तपासणीसाठी राखून ठेवू शकतात. मेणात घालण्याच्या प्रक्रियेत वापरलेल्या द्रवांत चरबी विरघळून जाते आणि पुरावा निघून जातो.

जत, आटपाडी, माण या भागांत उन्हाला आडोसा नाही. मेंढरांमागे किंवा रानात आयुष्य काढलेल्या माणसांच्या डोळ्यांत मांस वाढलेले नेहमी दिसते आणि ते बहुतेक वेळा निरुपद्रवीच असते. त्याच जागी, बुबुळाच्या काठावर, पांढरट खडबडीत पापुद्रा आणि त्याकडे धावणाऱ्या जाड लाल शिरा दिसल्या, तर तो डोळ्याच्या पृष्ठभागाचा कर्करोग असू शकतो. हा आजार एरवी उतारवयाचा. तिशी-पस्तिशीत आला तर एचआयव्हीची तपासणी करावी लागते, हे आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी आधी दाखवले आणि भारतातही तसे रुग्ण नोंदले गेले. एचआयव्हीचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत एकेकाळी सांगलीचे नाव होते; 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून तिथे काम करते आहे. एखाद्या तरुणाचा संसर्ग डोळ्यावरच्या तांदळाएवढ्या पापुद्र्यावरून पहिल्यांदा कळावा, हे विचित्र वाटेल. पण त्या वेळी मिळालेले एआरटीचे औषध त्याला कितीतरी वर्षे देऊ शकते.

याच आजाराची आणखी कोवळी आवृत्ती झिरोडर्मा पिग्मेंटोझम असलेल्या मुलांत दिसते. उन्हाने पेशीतल्या डीएनएला पडणारी भगदाडे रोज बुजवणारी यंत्रणा या मुलांत जन्मतः बिघडलेली असते. जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये हे दाखवले. दोन वर्षांच्या आतच चेहऱ्यावर काळे ठिपके येतात, ऊन सहन होत नाही आणि शाळेच्या वयात डोळ्यावर गाठ दिसू शकते. अतिनील किरण डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून गाठी पापण्यांवर आणि डोळ्याच्या दर्शनी भागावरच येतात. या आजारात आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या आपल्या भागात तसे होण्याची शक्यता वाढते. रेटिनोब्लास्टोमाचे तसे नाही. तिथे आई किंवा वडील, एकाकडून आलेले जनुक पुरते. दोन्ही आजारांत घराण्याची चौकशी करायची, पण प्रश्न वेगळे विचारायचे.

मिरजेला वैद्यकीची परंपरा जुनी. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये आले. बेळगाव-विजापूरकडचे रुग्णही इथे येतात. कराडला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आता साताऱ्यालाही शासकीय महाविद्यालय झाले आहे. दुर्मीळ गाठीचा उपचार पुढे पुणे-मुंबईला होणार असला, तरी पहिली नजर आणि पहिली बाटली इथलीच असते. जावळी-पाटणच्या किती तरी घरांतला एखादा माणूस मुंबईत माथाडी म्हणून राबतो. टाटा रुग्णालयात जायचे ठरले की त्याच्या खोलीवर मुक्काम होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, पण खोलीचे भाडे आणि बुडालेली रोजी कुठल्याच योजनेत बसत नाही.

काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे कपाटात जपून ठेवले जातात. एका जिल्ह्यातल्या दहा वर्षांच्या चार-पाच गाठी एकत्र पाहिल्या, त्यावर दोन पाने लिहिली आणि ती छापून आली, की पुढच्या डॉक्टरांना तो आजार परका राहत नाही. 'इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी' १९५३ पासून अशा नोंदी छापत आले आहे. एकेका रुग्णाच्या या नोंदींना संशोधन म्हणायला काही जण नाक मुरडतात. दुर्मीळ आजारांचे ज्ञान सुरुवातीला वाढले ते याच वाटेने.

कुटुंबानेही एक कागद जपायला हवा. लहानपणी दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा झालेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ असते. एकाच डोळ्यात झालेल्यांपैकीही काहींमध्ये ते जनुक असते. अशा बाळाचा डोळा चमकण्याची वाट पाहायची नसते. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत पडदा तपासतात, नंतर दर काही आठवड्यांनी. तेव्हा सापडलेली गाठ दोन-तीन मिलिमीटरची असते आणि लेसरने विझवता येते. त्यासाठी बाळाच्या बापाचा पंचवीस वर्षांपूर्वीचा पॅथॉलॉजी अहवाल घरातल्या ट्रंकेत सापडावा लागतो.